सह्या आमच्या, वाक्य त्यांचं

शांततेसाठी काम करणाऱ्या एका मंडळाने आमच्या सात गावांना फसवलं. सात गावांनी एका वाक्याखाली सह्या केल्या आणि मंडळाने त्या सह्या दुसऱ्याच वाक्याखाली लावून परदेशातल्या परिषदेत दिल्या. सह्या गोळा करत मी फिरलो होतो. म्हणजे फसवलं त्यांनी आणि लोकांच्या डोळ्यासमोर तोंड राहिलं माझं.

विषय अण्वस्त्रांचा आहे. पाचोरा तालुक्यात जुने ट्रॅक्टर घेणाऱ्या-विकणाऱ्या माणसाने त्यात का पडावं, असं मला नातेवाइकांनीही विचारलं. पडलो ते मुलीमुळे. ती धुळ्याच्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते. दोन वर्षांपूर्वी तिच्या कॉलेजात एका निवृत्त अधिकाऱ्यांचं व्याख्यान होतं. हे साहेब परराष्ट्र खात्यात होते. निम्मं आयुष्य त्यांनी परदेशात लांबलचक टेबलांशी बसून, शस्त्रं कमी कशी करायची याच्या वाटाघाटी करण्यात घालवलं होतं. आता ते पुण्यातल्या त्या मंडळाचं काम बघत होते. मी धुळ्याला एका ट्रॅक्टरचा सौदा करायला गेलो होतो. सौदा फिसकटला, दुपार मोकळी होती, म्हणून मुलीने मला मागच्या बाकावर बसवलं.

साहेब बोलले छान. एका बॉम्बने काय होतं ते सांगितलं, पण घाबरवायला नाही सांगितलं. पाणी, पीक, वारा, दवाखाना, असं एकेक घेत गेले. शेवटी प्रश्न विचारा म्हणाले.  मी उभा राहिलो.

"साहेब, सगळं पटलं. पण शस्त्र खाली पहिला कोण ठेवणार?"

साहेब हसले. "भाऊ, मी तीस वर्षं याच प्रश्नाचा पगार घेतला."

"मग उत्तर?"

"उत्तर असतं तर पगार बंद झाला असता."

सभागृह हसलं. मला मात्र राग आला. मला राग लवकर येतो, हे माझ्याशी व्यवहार केलेला प्रत्येक जण सांगेल. मी म्हणालो, "आमच्या बैलबाजारात हा प्रश्न दर आठवड्याला सुटतो. या, दाखवतो."

मुलीने कपाळाला हात लावला. पण साहेब खरंच आले, पुढच्याच आठवड्यात.

इथे माझी ओळख सांगतो. माझ्या बापाकडे ना बैल होता ना वावर. मी बैलबाजारात दलाली करून उभा राहिलो. खेड्यापाड्यांत बैल कमी होत गेले, ट्रॅक्टर वाढले, तसा मी ट्रॅक्टरकडे वळलो. पण व्यवहाराची जी अक्कल आहे ती बैलबाजाराची. तिथे भाव तोंडाने बोलत नाहीत. दलाल उपरणं हातावर टाकतो, खाली घेणाऱ्याची बोटं धरतो, मग विकणाऱ्याची. बोटांनी आकडा सांगायचा. भोवती दहा माणसं उभी असली तरी आत काय चाललंय ते त्या दोघांना आणि दलालालाच कळतं. त्यामुळे माघार घेताना कोणाची लाज जात नाही. वर माणूस ओरडत असतो, "एक पैसा कमी करणार नाही!" आणि खाली त्याचं एक बोट हळूच मिटलेलं असतं.

साहेबांना मी जवळ उभं करून हे दाखवलं. शेजारचा एक दलाल ओरडला, "ओ भाऊ, पाहुणाले बैल दखाडी ऱ्हायनात, का बैलले पाहुणा? दात पाह्यात का त्याना?"

तो काय म्हणाला ते साहेबांनी विचारलं. मी सांगितलं: पाहुण्याला बैल दाखवताय की बैलाला पाहुणा, त्याचे दात बघितलेत का? त्यांनी लगेच तोंड उघडून त्या दलालाला दात दाखवले. अख्खा बाजार हसला. मला माणूस आवडला. आजही, एवढं झाल्यावरही, ते दात दाखवणं आठवलं की राग थोडा कमी होतो. आणि राग कमी झाला म्हणून पुन्हा राग येतो.

मग मी त्यांना खरी गोष्ट दाखवली. भाव ठरला. आता विकणारा म्हणतो आधी पैसे, घेणारा म्हणतो आधी बैल. दोघे एकमेकांना ओळखत नाहीत, एक भडगावचा, एक चाळीसगावकडचा. दलाल मध्ये उभा राहतो. एका हाताने विकणाऱ्याचा कासरा धरलेला हात घेतो, दुसऱ्याने घेणाऱ्याचा पैसे धरलेला हात घेतो, दोन्ही एकमेकांवर ठेवतो. "सोडा" म्हणतो. दोघे एकदम सोडतात. आधी कोणी नाही, नंतर कोणी नाही.

साहेब म्हणाले, "आमच्याकडे मध्ये उभा राहणारा माणूस नसतो, भाऊ. म्हणजे असतो, पण त्याच्या हातात कोणी हात देत नाही."

"आणि तपासणी? आम्ही बैल चालवून बघतो, जू ठेवून बघतो."

"तिथंच घोडं अडतं. प्रत्येकाला दुसऱ्याचा गोठा बघायचाय. आपला दाखवायचा नाही."

परत येताना गाडीत त्यांनी मंडळाचा बेत सांगितला. परदेशात अण्वस्त्रबंदीबद्दल एक परिषद भरणार होती. तिथे सरकारं बोलतातच. पण आपल्या खेड्यांतल्या साध्या माणसांचं एक आवाहन तिथे ठेवायचं होतं. कापूस आणि केळी पिकवणाऱ्या माणसांचं. सह्या खऱ्या हव्या होत्या, मोबाइलवर बोट दाबलेल्या नाहीत. मी म्हणालो, सह्या मी आणतो. मी तसा बोलून टाकणारा माणूस आहे.

पहिली सभा आमच्याच गावात, दूध डेअरीच्या ओट्यावर झाली. संध्याकाळचं दूध घालून लोक थांबले. साहेबांनी आवाहनाचा कागद वाचला. त्यात मुख्य वाक्य असं होतं की आपल्या देशाने जगाला वाट दाखवावी आणि कोणाची वाट न बघता आपली अण्वस्त्रं नष्ट करायला सुरुवात करावी.

नाना उठले. नाना म्हणजे माझ्या घरासमोर राहणारे शेतकरी, वयाने माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे. मी बाजारात नवखा होतो तेव्हा मला जामीन राहणारा हा एकच माणूस होता. त्यांचा धाकटा मुलगा फौजेत आहे, उत्तरेच्या सीमेवर.

"भाऊ," नाना साहेबांकडे न बघता मला म्हणाले, "मना पोऱ्या तठे बर्फमा उभा शे. आनि मी आठे बसीसन सही करू, का आपला बाम पह्यले टाकी द्या? समोरना हासी."

"तसं नाही, नाना," साहेब म्हणाले. त्यांना अहिराणी कळत नव्हती, पण सूर कळला. "कोणीतरी सुरुवात करायलाच हवी."

"मंग समोरनाले सांगा. त्याना गावले जा, त्याना डेअरीवर बसा."

लोक हसले, पण सगळे नानांच्या बाजूने. सभा तिथेच मोडली असती. मी उठलो आणि नानांच्या खांद्यावरचं उपरणं घेतलं. गंमत म्हणून घेतलं, पण गंमत राहिली नाही. म्हटलं, "नाना, बोटं द्या. एक बोट म्हणजे आपण एकटे आधी. दोन म्हणजे आपण आणि समोरचा एकदम. पाच म्हणजे दुनियेतले सगळे एकदम. वर काय बोलायचं ते बोला, खाली खरं सांगा."

 नाना वर मोठ्याने म्हणाले, "बठ्ठा म्हंजे बठ्ठा! एक बी बाकी नको." खाली त्यांनी मला जी बोटं दिली, ती किती होती ते मी कधी सांगितलं नाही आणि इथेही सांगणार नाही. दलाल सांगत नसतो. एवढंच सांगतो की ज्याचा मुलगा सीमेवर आहे, तो माणूस ओट्यावर जेवढा कडक होता तेवढा खाली नव्हता. त्याला हे संपायला हवं होतं. फक्त मुलाला वाऱ्यावर सोडून नको होतं.

मग मी साहेबांकडे गेलो. त्यांनी आधी एक बोट दिलं. मी धरून ठेवलं, हललो नाही. मग दोन. तरी मी हललो नाही. साहेबांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि हळूच सगळा पंजा माझ्या हातात दिला. कपाळावर घाम होता. तीस वर्षं वाटाघाटी केलेला माणूस, दूध डेअरीच्या ओट्यावर घामाघूम.

त्यांनी स्वतःच्या हाताने आधीचं वाक्य खोडलं आणि नवं लिहिलं. मोठ्याने वाचलं. मला ते पाठ आहे: "कोणीही आधी नाही आणि कोणीही नंतर नाही, अण्वस्त्रं असलेल्या सर्व देशांनी ठरलेल्या एकाच दिवशी, एकमेकांच्या डोळ्यांदेखत, ती मोडायला सुरुवात करावी."

नानांनी पहिली सही केली. त्यांची सही म्हणजे नांगराच्या तासासारखी, सरळ आणि खोल. कागद फाटायचा राहिला.

पुढचा महिनाभर मी माझी पिकअप घेऊन फिरलो. सहा गावं आणखी झाली. पाचोऱ्याकडची चार, आणि दोन पार रावेरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याची, जिथे माझे ट्रॅक्टरचे जुने गिऱ्हाईक आहेत. प्रत्येक गावात मी ते वाक्य तोंडपाठ म्हणायचो. पायथ्याच्या गावात डिंक विकायला निघालेल्या एका बाईने मला थांबवून विचारलं, "ते तिकडं फुटलं तर इथवर येतं का?"

मी म्हटलं, "वारा आला तर येतं."

"वाऱ्याला कोण सांगणार मग, की इकडं येऊ नको?" असं म्हणून तिने अंगठा पुढे केला. शाई लागलेला अंगठा मग डोक्यावरच्या टोपलीला पुसला.

आता माझी चूक. ट्रॅक्टरच्या व्यवहारात कोऱ्या कागदावर सही करणाऱ्या माणसाला मी चारचौघांत शिव्या देतो. आणि इथे मीच काय केलं? मंडळाने दिलेल्या गठ्ठ्यात वाक्य फक्त वरच्या एका पानावर होतं. खालच्या पानांवर नुसते रकाने: क्रमांक, नाव, गाव, सही. प्रत्येक पानाच्या डोक्यावर ते वाक्य लिहायला हवं होतं. मला सुचलं नाही असंही नाही. एकदा सुचलं. पण आमच्याकडे पाच माणसांसमोर बोलणं झालं की कागद नंतरचा. बोलणं पक्कं, कागद आठवणीपुरता. बाजारात मी याच रीतीवर जगलो. मंडळाची रीत उलटी होती: तिथे कागद पक्का आणि बोलणं आठवणीपुरतं. वरचं पान बदललं की खालच्या सगळ्या सह्या मुकाट्याने नव्या पानाच्या झाल्या.

हे कळलं परिषद झाल्यावर. मुलीकडे मंडळाची इंग्रजी पुस्तिका आली. गुळगुळीत कागद, आत आमच्या डेअरीच्या ओट्याचा फोटो, फोटोत नाना. तिने फोन केला, आवाज वेगळा होता.

"आप्पा, आवाहनात काय लिहिलं होतं, मला परत एकदा सांगा."

मी सांगितलं.

"इथे तसं नाहीये." तिने इंग्रजीतून मराठी करत वाचलं. खानदेशातले शेतकरी आपल्या सरकारकडे मागणी करतात की त्याने कोणत्याही अटीविना, कोणाचीही वाट न बघता, आपली अण्वस्त्रं नष्ट करावीत.

माझ्या हातात चहाचा कप होता. तो मी भिंतीवर मारला. बायको झाडू घेऊन आली.

वाटलं होतं, इंग्रजी पुस्तिका, कोण वाचतंय. पण फोटो फिरत फिरत नानांच्या मुलाच्या पलटणीत पोचला. त्याच्याबरोबरच्या कोणीतरी वाचून त्याला चिडवलं: तुझा बाप म्हणतो, आपण हत्यार ठेवून घरी जाऊ या. मुलाने घरी फोन केला. दुसऱ्या दिवशी नाना माझ्या ओसरीवर आले. बसा म्हटलं, बसले नाहीत.

"पोऱ्याना फोन ऊना. तो म्हने, नाना, तुम्ही कसावर सही करी?"

"नाना, त्यांनी कागद बदलला. मी..."

"मी कागदवर सही नही करी. तुना सांगावर करी. बठ्ठा गावनी तुनाकडे पाहीसन सही करी."

मी काहीतरी मोठ्याने बोलायला लागलो. मंडळाला शिव्या, साहेबांना शिव्या. नाना उभे राहून ऐकत होते. माझं संपल्यावर म्हणाले, "इतलं जोरमा मले कसाले सांगस? त्यासले सांग." आणि गेले. समोरासमोर घरं आहेत. ते आता दूध घालायला मागच्या वाटेने जातात.

मी साहेबांना फोन लावला. त्यांनी उचलला, हे मान्य करतो. लपले नाहीत. मी आधी पाच मिनिटं फक्त ओरडलो. ते शांतपणे म्हणाले, "भाऊ, मी ते वाक्य समितीसमोर ठेवलं होतं. ते टिकलं नाही."

"का?"

"कारण 'सगळे एकाच दिवशी' हेच बडे देश इतकी वर्षं म्हणत आलेत. सगळे तयार झाले की आम्हीही तयार, म्हणतात. म्हणजे कोणीच कधी नाही. ज्यांच्याकडे सगळ्यात जास्त बॉम्ब आहेत त्यांची ती सबब आहे. तुमचं वाक्य प्रामाणिक होतं, पण त्यांच्या हातात ते आयतं सापडलं असतं."

 यावर मी अजूनही विचार करतो. ट्रॅक्टर बघायला गेलो असताना, गिऱ्हाईक बोलत असताना, मध्येच हे डोक्यात येतं. साहेबांचं म्हणणं खोटं नाही. बाजारातही असा माणूस असतो, जो दर वेळी म्हणतो, मी तयार आहे, समोरच्याला विचारा; आणि संध्याकाळी बैल घेऊन तसाच घरी जातो. त्याला विकायचंच नसतं. पण अशा माणसाला आम्ही ओळखतो, कारण तो कधीच कासऱ्याचा हात पुढे करत नाही. आमच्या वाक्यात ठरलेला दिवस होता, डोळ्यांदेखत होतं. हात पुढे करायची भाषा होती. ती सबब नव्हती. आणि समजा असली, तरी सौदा मोडायची एक रीत असते. मोडणारा परत येतो. ओट्यावर उभा राहतो, म्हणतो, मला हे जमत नाही, तुमच्या सह्या परत घ्या. शिव्या खातो, जातो. त्याच्याशी पुढच्या बाजारात कोणीही पुन्हा बसतं.

मी मुलीला हे सांगितलं तेव्हा ती पटकन म्हणाली, "आप्पा, तुम्ही कधी बैलाचं लंगडणं लपवलं नाही?"

लपवलं आहे. दोनदा. एकदा तो बैल घेणारा घरी आला आणि मी मागच्या दाराने गेलो. हे मी तिच्यासमोर कबूल केलं, इथेही करतो. पण एका बैलाचा भाव ठरवून दुसरा बैल मी कोणाच्या दावणीला कधी बांधला नाही. मुलगी म्हणाली, यात फरक फार थोडा आहे. असेल. मला तो मोठा वाटतो.

आणि मला जे खरं खुपतं ते वेगळंच आहे. तिकडे परिषदेत म्हणे सगळा प्रश्न सहीचा असतो. एका देशाने सही केली तर दुसऱ्याने तिच्यावर विश्वास ठेवायचा का? सही करून तो मागे काही बदलणार नाही कशावरून? मोठमोठी माणसं त्यावर आयुष्य घालवतात. मग ज्या लोकांनी हा विश्वास जगाला शिकवायचा, त्यांनीच नानांच्या सहीचं हे केलं? चांगल्या कामासाठी केलं म्हणतात. बॉम्ब ठेवणाराही हेच म्हणतो, चांगल्या कामासाठी ठेवलाय. मला शांतता नको असं कोणी समजू नये. मला ती आधीपेक्षा जास्त हवी आहे. म्हणून तर हे पोटात ठेवता येत नाही.

मंडळाला मी तीन पत्रं लिहिली. पहिल्याला उत्तर नाही. दुसऱ्याला उत्तर आलं, आपल्या अमूल्य सहकार्याबद्दल आभार, सोबत चौकटीत लावायला प्रमाणपत्र. तिसऱ्याला पुन्हा काही नाही.

म्हणून इथे सगळ्यांसमोर विचारतो. समितीत ते वाक्य कोणी खोडलं? खोडताना ज्यांच्या सह्या खाली होत्या त्यांना विचारायचं नाही, हे कोणी ठरवलं? साहेब, तुम्ही ते स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, स्वतःच्या तोंडाने वाचलं होतं. मग कागद बदलला त्या दिवशी तुम्ही खोलीतून उठून का गेला नाहीत? आणि गेला असाल, तर मला कळवलं का नाहीत? मला दोन गोष्टी हव्या आहेत. जिथे ते आवाहन ठेवलं आहे तिथे मंडळाने लेखी कळवावं की या सात गावांच्या सह्या त्या मजकुराखालच्या नाहीत. आणि त्या पत्राची प्रत घेऊन तुम्ही स्वतः यावं, माझ्याकडे नाही, नानांच्या दारात, आणि त्यांना सांगावं की हे भाऊने केलं नाही, आम्ही केलं. नानांच्या मुलालाही तिथूनच फोन लावावा. उत्तर द्या.